डाव्या हाताचा शर्ट

२ फेब्रुवारी

तीन! अख्ख्या आठवड्यात तीन ऑर्डरी. त्यातली एक नणंदेची, म्हणजे ती धरायचीच नाही. तिला ना मूल ना बाळ, फ्रॉक घालणार कुणाला? दया आली असणार माझी.

आज आली होती. दुसऱ्यांच्या दुकानांच्या जाहिराती करणं हे तिचं कामच आहे, त्यामुळे तिला कळतं. माझ्या ऑनलाइन दुकानाचं पान वर-खाली करून बघितलं, खालचे ब्लॉगचे दोन लेखही वाचले, आणि म्हणाली, "वहिनी, एका वाक्यात सांग. तुझ्याकडूनच का घ्यायचं?"

मी म्हटलं, शिलाई पक्की असते.

"सगळेच म्हणतात."

कापड मऊ असतं.

"सगळेच म्हणतात."

मी मनापासून शिवते! — तर एवढी हसली की चहा नाकात गेला तिच्या.

हसू दे. पण ती गेल्यावर मी मुद्दाम शोधून पाहिलं. लहान मुलींचे घरी शिवलेले फ्रॉक विकणारी पानं मोजत गेले. एकशे चाळीसपर्यंत मोजली आणि नाद सोडला. निम्म्यांवर तेच लिहिलेलं — मऊ कापड, पक्की शिलाई, मनापासून. माझंच पान एकशे चाळीस वेळा वाचल्यासारखं वाटलं.

५ फेब्रुवारी

फ्रॉकवर मुलीचं नाव भरून द्यायचं ठरवलं. नमुना केला. देखणा झाला. मग शोधलं — हेही आहेच. आणि त्यांचा माझ्यापेक्षा सुबक.

कारखान्यात बरं होतं. अकरा वर्षं नमुना-विभागात काढली. कागदावरचं चित्र आणून द्यायचे, पहिला कपडा मी शिवायचा, तो बघून बाकीचे हजार निघायचे. वेगळं काय करायचं याची डोकेदुखी दुसऱ्याची. गेल्या वर्षी अप्पांना — सासऱ्यांना — झटका आला, उजवी बाजू गेली. पाय बराच सुधारला, हात नाही. घरी कुणीतरी थांबायला हवं होतं. मी थांबले. कुणी जबरदस्ती केली नाही, पण दुसरं कुणी पुढेही आलं नाही.

९ फेब्रुवारी

आज नवऱ्याची पहाटेची पाळी. म्हणजे अप्पांना शर्ट घालायला कुणी नाही. रोज कामावर जायच्या आधी हा त्यांची बटणं लावतो. मी दारातून कधीतरी पाहिलंय — हा खाली बघून बटणं लावत असतो आणि अप्पा वर छताकडे. दोघं एक अक्षर बोलत नाहीत.

मी दार वाजवून आत गेले. अप्पा पलंगावर बसलेले, शर्ट खांद्यावर, डाव्या हाताची बोटं एका बटणाशी झगडताहेत. मला बघून हात खाली घेतला.

"लावू का अप्पा?"

"नको सूनबाई. राहू दे."

"अहो, दोन मिनिटांचं काम—"

"राहू दे म्हटलं ना."

तेहतीस वर्षं शाळेत कवायतीचे मास्तर होते. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. मुलांची एक गुंडी उघडी दिसली तर मैदानाला फेरी मारायला लावायचे म्हणे. ते आज दिवसभर बनियनवर बसून राहिले. बागेत त्यांची मित्रमंडळी जमते, तिकडेही गेले नाहीत.

१० फेब्रुवारी

बटण हे दोन हातांचं काम आहे. वीस वर्षं बटणं लावतेय कपड्यांना, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

१४ फेब्रुवारी

चार दिवस फ्रॉकला हात लावला नाही.

अप्पांचा जुना पांढरा शर्ट घेतला. काजं शिवून बंद केली आणि बटणं वरून नुसती दिसायला टाकली. आतल्या बाजूला, दोन पदरांमध्ये, चुंबकाच्या चकत्या शिवल्या — पर्सला असतात तसल्या. पहिल्या खेपेला चकत्या एवढ्या जोरकस निघाल्या की शर्ट आपला आपणच मिटून बसला, उघडेना! बदलल्या. मग दुसरी अडचण. मीच उजवा हात कंबरेला बांधून घालून बघितला, तर उजवी बाजू सारखी मागे पळते. ती धरायला हात कुठाय? म्हणून तिच्या खालच्या कडेला दुमडीत थोडं वजन भरलं, पडद्याच्या कडेला भरतात तसं. आता लोंबती राहते, हलत नाही.

एक गंमत कळली. पुरुषांच्या शर्टाची डावी बाजू उजवीवर येते. म्हणजे डाव्या हाताला सोयीचीच! तेवढं तरी देवाने — किंवा कुठल्याशा जुन्या शिंप्याने — बरं करून ठेवलंय.

कफांचं जमत नव्हतं, तिथे आतून रबरी पट्टी टाकली. बाहेरून काही कळत नाही.

आपण कुणाचा वेश बदलतोय असं वाटत होतं शिवताना. पण हात थांबत नव्हते. असं शेवटचं कधी झालं होतं, आठवत नाही.

१६ फेब्रुवारी

शर्ट पलंगावर ठेवला आणि कसा घालायचा तेवढं सांगून बाहेर आले. अप्पांनी दार लावून घेतलं. हा आणि मी स्वयंपाकघरात. ह्याचं उगीच घड्याळाकडे बघणं.

चार मिनिटं.

दार उघडलं. अप्पा उभे. कॉलरचं एक टोक आत गेलेलं, बाकी टापटीप. आम्ही दोघं नुसते बघतोय. तर म्हणाले, "चहा झालाय की नाही?"

चहा घेतला, काठी घेतली आणि बागेत गेले. एवढंच. शर्टाबद्दल चकार शब्द नाही!

हा न्हाणीघरात नळ सोडून बराच वेळ उभा होता. मी हाक मारली नाही.

१८ फेब्रुवारी

नणंदेला दाखवलं. ती उडालीच. "वहिनी! अगं हेच! हेच तुझं वेगळेपण! आणि तू फ्रॉक शिवत बसलीस!" मग जाहिरातवालीच्या आवाजात — अप्पांचा फोटो हवा, आधीचा आणि नंतरचा. गोष्ट लिही. लोक गोष्ट विकत घेतात, शर्ट नाही.

मी म्हटलं, अप्पांना विचारते.

"विचारलंस तर नाहीच म्हणतील. माझे वडील आहेत, मला माहीत नाही? चेहरा नको दाखवूस, झालं."

२० फेब्रुवारी

सकाळी अप्पा शर्ट घालत होते, दार किंचित उघडं होतं. त्या फटीतून काढला फोटो. फक्त हात आणि शर्टाची पट्टी. खिडकीतून ऊन येत होतं, फोटो फार सुंदर आला.

लेख लिहिला. बटणांशी झगडणारी बोटं, बनियनवर गेलेला दिवस, मैदानाची फेरी, चार मिनिटं, आतली चुंबकं आणि वजन, सगळं. आजवर लिहिलेल्यात हा सगळ्यांत चांगला. टाकला.

विचारलं नाही. चेहरा नाही, नाव नाही, मग काय झालं — असं मीच मला तीनदा सांगितलं. तीनदा सांगावं लागलं, यातच काय ते आलं.

२३ फेब्रुवारी

लेख धावतोय! नणंद दर तासाला आकडा कळवते. तेवीस ऑर्डरी. कुणी भावासाठी, कुणी नवऱ्यासाठी. एकीने लिहिलंय, "तुमच्या सासऱ्यांना नमस्कार सांगा." तो मी पोचवलेला नाही.

शिवायला घेतलंय. मशीन दिवसभर चालू.

२६ फेब्रुवारी

कळलं त्यांना.

बागेतल्या मित्राने — ते निवृत्त पोस्टमन आहेत — फोन पुढे केला म्हणे. "हा हात तुझा ना रे? अंगठ्यावरचा व्रण तोच." मग सगळ्या मंडळीत फोन फिरला. कुणी वाईट बोललं नाही. उलट कौतुकच. एकाने तर पाठ थोपटली.

अप्पा घरी आले, खोलीत गेले. थोड्या वेळाने बनियनवर बाहेर. शर्टाची घडी — एका हाताने घातलेली, वाकडी — माझ्या मशीनवर ठेवली.

"शर्ट चांगला आहे," म्हणाले. "पण बनियनवर बसलो होतो ते घरात बसलो होतो, सूनबाई. चौकात नाही."

मी मशीन बंद केलं. 

२७ फेब्रुवारी

हा म्हणाला, "विचारायचं होतंस." एवढंच. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

नणंद म्हणते, "लोकांचं भलंच झालं ना त्याने?" झालं. तेही खरं आहे. आणि तरीही.

१ मार्च

लेख काढून टाकला. फोटोही. नणंदेचा फोन — "वहिनी, स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतेस!" मी म्हटलं, पाय माझाच आहे.

मग अप्पांच्या खोलीत गेले. खाली बसले. म्हटलं, "अप्पा, चुकलं माझं. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, हे मला माहीत होतं. म्हणूनच विचारलं नाही."

ते खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "बरं."

शर्ट घालत नाहीत. सकाळी पुन्हा हा, खाली बघत. ते, वर बघत. माझ्यामुळे.

५ मार्च

नणंदेने एक पान पाठवलं. "एका हाताचा शर्ट — चार मिनिटांत तयार!" पाच मापांत, सात रंगांत. आतली चुंबकं, वरून खोटी बटणं, खालचं वजनसुद्धा! वर माझी वाक्यं जशीच्या तशी. तेरा दिवसांत. मोठं दुकान आहे, शेकड्यांनी शिवून घेत असणार — माझ्यासारखीच कुणीतरी नमुना-विभागात बसून पहिला शिवला असेल.

खाली तिने लिहिलं होतं, "गेलं तुझं वेगळेपण."

वाईट वाटायला हवं होतं. पण मी विचार करत राहिले. जे तेरा दिवसांत उचलून नेता येतं ते माझं होतं तरी का? आणि त्याच्यासाठी मी म्हाताऱ्या माणसाच्या दाराच्या फटीतून फोटो काढला.

८ मार्च

आजचा दिवस नीट लिहून ठेवते.

सकाळी एका बाईंचा फोन. नवरा बस चालवायचा, आता निवृत्त, डावा हात गेलाय. लेख गायब व्हायच्या आधी वाचला होता. शर्ट हवा. मी वही घेतली — छाती किती, खांदा किती, बाही किती. बाजूला अप्पा पेपर वाचत बसलेले. गेले दहा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

एकदम पेपरामागून आवाज आला — "छाती काय विचारत बसलीस? हात कुठवर जातो ते विचार."

मी फोनवर तसंच विचारलं. बाई म्हणाल्या, "थांबा, त्यांनाच देते." ड्रायव्हरसाहेब फोनवर आले. चांगला हातही, खांदा आखडल्यामुळे, छातीपर्यंतच जातो, गळ्यापर्यंत नाही. म्हणजे वरची दोन बटणं त्यांच्या हाताला लागणारच नव्हती! मी तसाच पाठवला असता.

अप्पांनी पेपर खाली ठेवला. "बसून घालतात का उभ्याने, विचार. नजर कशी आहे? आणि दुसरं काही दुखणं आहे का?"

विचारलं. ड्रायव्हरसाहेब सहज म्हणाले, "तसं काही नाही हो. छातीत ते यंत्र बसवलंय ठोक्यांचं, तेवढंच."

 चुंबकाच्या डबीवर बारीक अक्षरांत सूचना असते — अशा यंत्राजवळ नेऊ नये. मी ती वाचली होती. वाचून डबी फेकून दिली होती, कारण अप्पांना यंत्र नाही. आणि अकरा शर्ट पाठवून मोकळी झालेय! एकालाही विचारलं नाही.

ड्रायव्हरसाहेबांना म्हटलं, तुम्हाला चुंबकाचा देणार नाही, दुसरं काहीतरी करून देईन. फोन ठेवला आणि तिथेच रडायला लागले.

अप्पा म्हणाले, "रडायचं ते नंतर. यादी आण."

९ मार्च

अकरा फोन. अप्पा माझ्या शेजारी बसून होते. यादीवर डाव्या हाताने खुणा करत होते — वेड्यावाकड्या, पण त्यांनीच.

आठांना यंत्र नाही. दोन फोन उचलत नाहीत. एका मुलीचे वडील — त्यांना आहे! शर्ट कालच पोचलाय, पुडकं अजून फोडलंही नव्हतं. "वाढदिवसाला द्यायचा म्हणून ठेवला होता," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, ते पुडकं उघडू नका, त्यांच्या खोलीत नेऊ नका, मी न्यायला माणूस पाठवते.

१० मार्च

राहिलेले दोघे सापडले. दोघांनाही नाही. सुटले!

त्या मोठ्या दुकानालाही सगळं लिहून कळवलं. अप्पांनीच सांगितलं — "त्यांचं गिऱ्हाईक असलं तरी माणूसच आहे." उत्तर म्हणून नुसतं अंगठ्याचं चित्र आलं.

१२ मार्च

त्यांच्या पानावर सूचना आली. माझीच वाक्यं, जशीच्या तशी! ह्या वेळी मात्र चोरी गोड लागली.

१४ मार्च

फॉर्म करायचं ठरलं. कपडा मागवणाऱ्याने आधी भरायचा. अप्पा सांगत होते, मी लिहीत होते. कवायतच! "पुढचा. लिहिलंस? पुढचा." कोणता हात. कुठवर जातो. बोटांना चिमूट येते का. उभं राहून की बसून. यंत्र, औषधं, नजर. कपडे घालताना जवळ कुणी असलेलं चालतं का — इथे ते थांबले आणि म्हणाले, "हा ठेव. महत्त्वाचा आहे."

मी सगळ्यांत वर लिहिलं होतं — सकाळी तुम्हाला स्वतःचं काय काय करता येत नाही?

"हे खोड," म्हणाले.

"का? हेच तर कळायला हवं."

"काय येत नाही ते डॉक्टर विचारतात. आला गेला विचारतो. ऐकून कान किटले माझे. वर्षभरात एकाने विचारलं नाही, मास्तर, काय काय येतं?"

मी 'येत नाही' खोडून 'येतं' लिहिलं. एका घरात राहतो आम्ही. मीही विचारलं नव्हतं.

"काय काय येतं अप्पा?"

त्यांनी खरंच विचार केला. "दाढी येते. बूट येतात, नाडीशिवायचे. शिट्टी येते." आणि दोन बोटं तोंडात घालून अशी सणसणीत शिट्टी मारली की वरच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं!

१५ मार्च

आज शर्ट घातला. आपणहून. म्हणाले, "फोटो नाही. कधीच नाही. पण फोनवर पुरुषमाणूस असेल तर मला देत जा. बाईला सांगत नाहीत ते."

२१ मार्च

ड्रायव्हरसाहेबांचा शर्ट गेला. चुंबक नाही, गळा मोठा, मांडीवर पसरून वाकून डोकं आत घालायचं, समोर दिसायला पट्टी आणि बटणं. अप्पा अर्धा तास त्यांच्याशी फोनवर बोलत होते. शर्टावर पाच मिनिटं, उरलेला वेळ बसच्या ब्रेकवर.

फॉर्म येऊ लागलेत. उत्तरं वाचून काम सुचत नाही. एकाने लिहिलंय, "गाणं म्हणता येतं." एका आजींनी, "नातीची वेणी घालता येत नाही, सोडता येते." एकाने नुसतं, "वाट बघता येते." त्याला उत्तर काय द्यावं कळेना, अप्पांनी फोन केला.

ऑर्डरी थोड्या आहेत. त्या मोठ्या दुकानाच्या पासंगालाही पुरत नाहीत. दोन कपडे एकसारखे होत नाहीत, त्यामुळे आठवड्याला चारांच्या वर शिवणं होतच नाही. फ्रॉक पानावरून काढून टाकले.

नणंद आली होती. सगळे फॉर्म वाचले. नेहमीसारखी भराभर नाही. शेवटी म्हणाली, "वहिनी, हे त्यांना उचलता येणार नाही. प्रश्न नेतील. ऐकायला माणूस कुठून आणतील?"

मग अप्पांच्या खोलीत गेली. "अप्पा, तो फोटो — कल्पना माझी होती." आतून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. पण बराच वेळ होती आत.

२९ मार्च

आज एक फॉर्म आला. नावाची जागा रिकामी. वय चौऱ्याहत्तर. पत्ता दोनदा वाचला. माझ्या माहेरचा. आई एकटीच असते तिथे.

सकाळी स्वतःचं काय काय करता येतं? — त्यापुढे: "शेजारीण लिहून देते आहे, मी सांगते आहे. रेडिओ लावता येतो. रविवारी तुझा फोन उचलता येतो. बोटं वळत नाहीत, गाऊनची बटणं लागत नाहीत, वर्ष झालं. फोनवर तू 'बरी आहेस ना' विचारतेस, त्याला 'हो'च म्हणावं लागतं. इथे नीट विचारलंस, म्हणून सांगते."